एकाच रक्ताचे तीन अहवाल: उन्हाने भाजणाऱ्या मुलाला लोह द्यावे का?

(प्रकरण अभ्यास. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम आणि निर्णय मात्र घडले तसेच दिले आहेत.)

पार्श्वभूमी

मुलगा नऊ वर्षांचा. चालायला लागल्यापासून उन्हात गेला की पाच-दहा मिनिटांत हात झटकायचा, रडायचा, गार पाण्यात हात बुडवून बसायचा. फोड यायचे नाहीत. लालीही बेताचीच असायची, कधी हातांच्या पाठीवर थोडी सूज यायची आणि दुसऱ्या दिवशी उतरायची. दिसण्यासारखे काही नसल्याने मोठ्यांचा विश्वास बसत नसे. शाळेत मैदानाच्या तासाला तो भिंतीच्या सावलीत उभा राहायचा आणि ‘खेळायचा कंटाळा’ असा शेरा वहीत यायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जी मानून औषधे दिली, नेहमीचे सनस्क्रीन दिले. कशाचाही उपयोग झाला नाही.

सोबत रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास, तांबड्या पेशी आकाराने लहान, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तळाला गेलेले. या वयात हे काही दुर्मीळ नाही, त्यामुळे त्वचेचे दुखणे आणि रक्तक्षय या दोन वेगळ्या तक्रारी समजल्या गेल्या आणि दोन वेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या. पुढचा सगळा घोळ या विभागणीतून सुरू झाला.

मी हिम (हीम, हिमोग्लोबिनमधला लोह असलेला घटक) तयार होण्याच्या प्रक्रियेवर आणि तिच्या बिघाडातून होणाऱ्या रक्तविकारांवर काम करतो. या मुलाचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला तो एका त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह: ‘निदान झाले आहे, फक्त जनुकतपासणी हवी.’ चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ होती: ‘लोह बंद केले आहे, हिमोग्लोबिन घसरते आहे, काय करावे?’ प्रकरणाचा खरा गाभा या दुसऱ्या ओळीत होता.

थोडे रसायन, कारण त्यावाचून पुढचे निर्णय कळणार नाहीत

हिम आठ टप्प्यांत तयार होते. प्रत्येक टप्प्याला एक एन्झाइम. शरीरातले ८० टक्क्यांहून अधिक हिम अस्थिमज्जेत, तांबड्या पेशी घडताना बनते. तिथे पहिला टप्पा सांभाळणाऱ्या एन्झाइमचे नाव एएलएएस-२, त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर. शेवटचा टप्पा फेरोकेलाटेजचा. ते प्रोटोपॉर्फिरिनच्या (हिमच्या अगदी आधीच्या पदार्थाच्या) कड्यात लोहाचा अणू बसवते आणि हिम पुरे होते. लोह मिळाले नाही तर हेच एन्झाइम कड्यात जस्त बसवते.

म्हणून तांबड्या पेशीत उरलेले प्रोटोपॉर्फिरिन दोन रूपांत सापडते. जस्त बसलेले रूप हिमोग्लोबिनला चिकटून पेशीतच राहते, त्वचेला त्रास देत नाही. धातू न बसलेले मोकळे रूप पेशीतून रक्तद्रवात झिरपते आणि त्वचेतल्या केशवाहिन्यांपर्यंत पोचते. तिथे सुमारे ४०० ते ४१० नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश त्यावर पडला की क्षोभक ऑक्सिजन तयार होतो आणि आग सुरू होते. हा दृश्य प्रकाश आहे. खिडकीची काच त्याला अडवत नाही, अतिनील किरणांसाठी बनवलेले पारदर्शक सनस्क्रीनही अडवत नाही. मुलगा वर्गात खिडकीशेजारी बसूनही हात चोळायचा, ते याच कारणाने.

उन्हाने जळजळ होणाऱ्या या विकाराचे, एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरियाचे (पुढे ईपीपी), पहिले स्पष्ट वर्णन इयान मॅग्नस आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये केले. बहुतेक रुग्णांत दोष फेरोकेलाटेजचा असतो. एका गुणसूत्रावर गंभीर दोष, दुसऱ्यावर कमी उत्पादन देणारा एक सर्रास आढळणारा बदल, आणि दोन्ही मिळून एन्झाइमची क्षमता साधारण ३० टक्क्यांच्या खाली जाते. पण काही कुटुंबांत फेरोकेलाटेजचे जनुक निर्दोष निघत होते, तरी प्रोटोपॉर्फिरिन भरमसाट. त्या कुटुंबांचे उत्तर २००८ मध्ये मिळाले: त्यांच्यात एएलएएस-२ या पहिल्याच एन्झाइमच्या शेवटच्या भागात बदल होता आणि त्यामुळे ते बेसुमार काम करत होते. याला एक्स-संलग्न प्रोटोपॉर्फिरिया म्हणतात. टाकी भरून वाहते आहे हे दोन्हीकडे सारखेच दिसते. एकीकडे निचरा तुंबलेला असतो, दुसरीकडे नळ जास्त सुटलेला असतो.

एक जाता जाता सांगायलाच हवे, कारण मला या जनुकाचे हे रूप कायम थक्क करते. याच एएलएएस-२ चे काम कमी पडले तर एक्स-संलग्न सिडेरोब्लास्टिक रक्तक्षय होतो, लोह पेशीत साचते आणि कित्येक रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाने गुण येतो. काम जास्त झाले तर लोह अपुरे पडते आणि त्वचा भाजते. जनुक तेच, पण उपचार उलटे.

अडचण: तीन अहवाल, तीन अर्थ

मुलाच्या फायलीत आमच्याकडे येण्याआधीच बरेच कागद होते. ते क्रमाने वाचले तर चूक कुठे होत गेली ते दिसते.

सर्वात आधी लघवीतल्या पॉर्फिरिनची (हिम बनताना मध्ये तयार होणाऱ्या पदार्थांची) तपासणी झाली होती. ती सामान्य आली आणि ‘पॉर्फिरिया नाही’ असे लिहिले गेले. प्रोटोपॉर्फिरिन पाण्यात विरघळत नाही. ते पित्तावाटे जाते, लघवीत उतरत नाही. ईपीपीची शंका असेल तर लघवी तपासून काहीच कळत नाही, कितीही काळजीने तपासली तरी.

मग रक्तक्षय पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी रक्तातले प्रोटोपॉर्फिरिन मोजून घेतले. ते एका थेंबावर चालणाऱ्या हिमॅटोफ्लुओरोमीटरने मोजले गेले. हे यंत्र जस्त बसलेले रूप मोजते. आकडा वाढलेला आला आणि त्याचा अर्थ ‘लोहाच्या कमतरतेशी जुळणारा’ असा लावला गेला. त्या डॉक्टरांच्या जागेवरून पाहिले तर अर्थ रास्तच होता: लोह कमी पडले की जस्ताचे रूप वाढतेच. शिसे वाढले तरी वाढते, म्हणून त्यांनी शिशाचीही तपासणी केली. ती ठीक होती. पण मोकळे रूप यंत्राने मोजलेलेच नव्हते आणि अहवालावर नाव नुसते ‘प्रोटोपॉर्फिरिन’ असे छापलेले होते.

वर्षभराने दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना ईपीपीची शंका आली. शंका येणे हीच मोठी गोष्ट, कारण या विकारात निदानाला बहुधा कित्येक वर्षे लागतात. त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त पाठवले. तिथली पद्धत आम्लाने निष्कर्षणाची, म्हणजे आम्ल वापरून पदार्थ रक्तातून वेगळा काढण्याची होती. एकूण प्रोटोपॉर्फिरिन नेहमीच्या मर्यादेच्या विसाहून अधिक पट निघाले. निदान नक्की झाले: ईपीपी. मात्र आम्ल जस्ताचा अणू कड्यातून काढून टाकते. त्यामुळे या पद्धतीत दोन्ही रूपे एकच होऊन मोजली जातात आणि जस्ताचा वाटा किती होता हे कायमचे हरवते. रक्ताच्या पहिल्या अहवालात जस्ताचे रूप वाढलेले होते, दुसऱ्यात ते दिसण्याची सोयच नव्हती. दोन्ही कागद एकाच फायलीत, पण कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

ईपीपीचे निदान होताच रक्तक्षयासाठी चालू असलेले लोह बंद केले गेले. त्यामागचे तर्कशास्त्र खरे आहे: एएलएएस-२ च्या संदेशवाहक आरएनएवर लोहाला प्रतिसाद देणारा एक तुकडा असतो. लोह भरपूर असले की हे एन्झाइम जास्त बनते. शेवटचा टप्पा आधीच तुंबलेला असताना पहिला टप्पा वेगाने चालवला तर प्रोटोपॉर्फिरिन आणखी साचणार. ईपीपीच्या काही रुग्णांत लोहानंतर त्रास वाढल्याचे अनुभव नोंदवलेले आहेत. त्वचारोगतज्ज्ञांनी जपून पाऊल टाकले होते. फक्त विकाराचा कोणता प्रकार आहे ते ठरायच्या आधी टाकले होते.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन साडेआठच्या खाली आले. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) किंचित वाढले. उन्हात थांबण्याची मुदत आणखी आखडली.

पर्याय

आमच्याकडे नवा नमुना मागवला. फॉइलमध्ये गुंडाळून, थंड ठेवून, त्याच दिवशी पोचेल असा. प्रकाशात प्रोटोपॉर्फिरिन झपाट्याने नष्ट होते आणि आकडा खोटा कमी येतो. रक्तद्रवाच्या चमकीचा कमाल बिंदू ६३४ नॅनोमीटरच्या आसपास मिळाला. म्हणजे मोकळे रूप रक्तद्रवात उतरले होते आणि दाहाचे कारण पक्के झाले. निव्वळ लोहाच्या कमतरतेत असे होत नाही.

मग इथेनॉलने, आम्लाविना निष्कर्षण करून एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही रूपे वेगळी केली. मोकळे ६८ टक्के, जस्ताचे ३२ टक्के.

फेरोकेलाटेजच्या दोषात मोकळ्याचा वाटा साधारण ८५ टक्क्यांच्या वर असतो, कारण लोह बसवणारे एन्झाइमच दुबळे असते आणि जस्तही तेच बसवते. एक्स-संलग्न प्रकारात एन्झाइम धडधाकट असते. लोह संपले की ते जस्त बसवत राहते, म्हणून मोकळ्याचा वाटा ५० ते ८५ टक्क्यांत येतो. आमचा आकडा या दुसऱ्या पट्ट्यात मधोमध होता.

तरीही प्रश्न सुटला नव्हता. मुलाला लोहाची कमतरता होती आणि ती जस्ताचा वाटा थोडा वर नेऊ शकते. ईपीपी अधिक कमतरता, की एक्स-संलग्न प्रकार? सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेत चार वाटा समोर होत्या.

लोह बंदच ठेवावे आणि प्रकाशापासून जपावे, ही पहिली. ती सुरक्षित वाटायची, पण खाली जाणारे हिमोग्लोबिन आणि वर जाणारे एएलटी पाहता ती सुरक्षित राहिली नव्हती. लोहाशिवाय मज्जा नेटाने काम करत राहते आणि वाया जाणारे प्रोटोपॉर्फिरिन यकृतावर पडते. या विकारात थोड्या टक्के रुग्णांचे यकृत गंभीरपणे निकामी होते, हे डोळ्याआड करता येत नाही.

दुसरी, पूर्ण मात्रेत लोह लगेच सुरू करावे. प्रकार एक्स-संलग्न असेल तर फायदा मोठा. ईपीपी असेल तर मुलाला आठवडेच्या आठवडे भाजत ठेवण्याचा धोका.

तिसरी, रक्त चढवून मज्जेला विश्रांती द्यावी. यकृत कोसळत असताना ही वाट घेतली जाते. इथे तेवढी गरज नव्हती.

चौथी, जनुकाचा निकाल येईपर्यंत थांबावे. सर्व जनुकांची यादी तपासायला बराच काळ लागला असता. पण एक्स-संलग्न प्रकारातले आजवर सापडलेले जवळजवळ सगळे बदल एएलएएस-२ च्या शेवटच्या, अकराव्या एक्झॉनमध्ये (जनुकातल्या प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यात) आहेत. तेवढाच तुकडा वाचायला वेळ लागत नाही. ‘सगळे तपासू या’ या सवयीऐवजी आधी हा तुकडा वाचायचे ठरले. या प्रकरणात सर्वात जास्त वेळ वाचवणारा निर्णय कोणता, असे विचारले तर मी हाच सांगेन.

आईने सांगितलेली एक गोष्ट

निकालाची वाट पाहताना मुलाच्या आईशी सविस्तर बोलणे झाले. आधीच्या इतिहासात नसलेल्या दोन गोष्टी त्यातून निघाल्या.

“लोहाचं औषध चालू होतं ना, तेव्हा तो जरा जास्त वेळ बाहेर राहायचा,” त्या म्हणाल्या. लगेच सावरून म्हणाल्या, “पण ते ढगाळ दिवस होते. त्यामुळेही असेल.” त्यांची शंका बरोबर होती, एवढ्यावर काही ठरवता येत नव्हते. तरी ईपीपीत अपेक्षित असलेल्या दिशेच्या उलट जाणारी ती नोंद होती आणि ती फायलीत हवी होती.

दुसरी गोष्ट त्यांनी जायला उठताना सांगितली. लहानपणापासून त्यांनाही उन्हात हातांना मुंग्या आल्यासारखे होते. त्रास इतका कमी की त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. “माझं काय, सगळ्यांनाच होत असेल असं वाटायचं.” मुलाला तीव्र, आईला सौम्य: एक्स गुणसूत्रावरच्या दोषात हे चित्र अगदी शोभते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असते, त्यामुळे त्रास शून्यापासून पूर्ण तीव्रतेपर्यंत कुठेही असू शकतो.

काय केले

अकराव्या एक्झॉनमध्ये डीएनएची चार अक्षरे गळालेली सापडली. इतर कुटुंबांत आधी नोंदला गेलेला, एन्झाइमची शेपटी बदलून त्याचा वेग वाढवणारा हा बदल आहे. फेरोकेलाटेजचे जनुकही नंतर तपासले. ते निर्दोष होते.

निदान बदलले, तसा लोहाबद्दलचा निर्णयही उलटला. फेरोकेलाटेज ठीक असल्याने जास्तीच्या प्रोटोपॉर्फिरिनला लोह मिळाले तर त्याचे हिम होईल. या प्रकारात लोह दिल्यावर प्रोटोपॉर्फिरिन, रक्तक्षय आणि यकृत तिन्ही सुधारल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत. तरी रुग्ण मोजके असल्याने सुरुवात निम्म्या मात्रेने झाली. थांबायचे कधी, हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवले: एकूण प्रोटोपॉर्फिरिन सुरुवातीपेक्षा चतुर्थांशाने वाढले, एएलटी दुप्पट झाले, किंवा दाह स्पष्टपणे वाढला तर औषध बंद.

ही लेखी अट तिसऱ्या आठवड्यात कामी आली. मोकळे प्रोटोपॉर्फिरिन थोडे वर गेले. घरच्यांचा धीर सुटू लागला, बालरोगतज्ज्ञही थांबण्याच्या विचारात होते. पण वाढ ठरलेल्या मर्यादेच्या आत होती आणि नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण चढले होते. मोकळे प्रोटोपॉर्फिरिन सर्वात जास्त तरुण पेशींत असते. मज्जा लोह मिळून जागी झाली की अशी तात्पुरती वाढ अपेक्षित धरावी लागते. औषध चालू राहिले. अट आधी लिहिलेली नसती तर त्या दिवशी ते बंद झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

बाकी गोष्टी एकीकडे चालू होत्या. शाळेला पत्र गेले: खिडकीपासून दूरची जागा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी वापरण्याची मुभा, मैदानाचा तास सावलीत. सनस्क्रीन बदलून झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे जाड, पांढरे दिसणारे लेपन दिले. ड जीवनसत्त्व कमी निघाले, ते सुरू केले. यकृतदाहाच्या लसी पूर्ण केल्या. फायलीच्या पहिल्या पानावर सूचना लावली की शस्त्रक्रियेची वेळ आली तर दिव्यांवर प्रकाश गाळणारे फिल्टर लावावेत, कारण तीव्र दिव्यांखाली उघडे पडलेले अवयवही भाजू शकतात. अफामेलानोटाइड हे त्वचेखाली बसवायचे, त्वचा गडद करून प्रकाश सोसायला मदत करणारे रोपण युरोपात २०१४ पासून आणि अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे, पण ती मान्यता प्रौढांसाठी होती. या मुलासाठी तो पर्याय तेव्हा नव्हता.

निष्पत्ती

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे खरा बदल दिसायला तीन-चार महिने द्यावे लागतात. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेअकराच्या पुढे होते. एकूण प्रोटोपॉर्फिरिन सुरुवातीच्या निम्म्याहून खाली आले. एएलटी सामान्य झाले. पोटाच्या सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. फेरिटिन मुद्दाम सामान्य पट्ट्याच्या खालच्या भागात ठेवले आहे. त्याहून वर नेऊन जास्त फायदा होतो असे मानायला आधार नाही.

उन्हात तो आता वीस-पंचवीस मिनिटे निभावतो. तो बरा झालेला नाही. भर दुपारी अजूनही आत थांबावे लागते आणि दोनदा चांगलेच भाजलेही आहे. पण शाळेतून चालत घरी येणे त्याला जमते.

आईची तपासणी झाली. तोच बदल, एका एक्सवर, सोबत लोहाची कमतरता. त्यांनाही लोह सुरू आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वात आधी, प्रोटोपॉर्फिरिनच्या अहवालात काय मोजले आणि कसे मोजले हे लिहिलेले असायला हवे होते. जस्ताचे, मोकळे की दोन्ही मिळून, एवढा एक शब्द रक्ताच्या पहिल्या अहवालात असता तर वर्ष वाचले असते. आमच्या प्रयोगशाळेच्या छापील नमुन्यात आता दोन्ही वाटे टक्क्यांसह येतात आणि मोकळ्याचा वाटा ८५ टक्क्यांच्या खाली असला की अकरावा एक्झॉन वाचण्याची शिफारस त्याच कागदावर जाते. रक्त मागवणाऱ्या डॉक्टरांनीही पद्धत विचारायला संकोचू नये.

दुसरे, मुलाला उन्हात दुखते आणि रक्तक्षयही आहे, हे दोन्ही एकाच डॉक्टरांसमोर एकत्र मांडले गेले असते तर शंका खूप आधी आली असती. प्रोटोपॉर्फिरियात लहान पेशींचा सौम्य रक्तक्षय वारंवार दिसतो.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्या गटात एकमत नाही. निदान ईपीपी असे लिहिले गेल्यावर लोह लगेच थांबवणे योग्य होते का? काहींच्या मते जस्ताचा वाटा कळेपर्यंतचे काही आठवडे थांबवणे रास्तच होते. माझे मत वेगळे आहे. चालू असलेले लोह थांबवणे हादेखील उपचारातला बदल आहे आणि त्यालाही सुरू करण्याइतकीच कारणे आणि देखरेख लागते. हिमोग्लोबिन चार महिने न पाहता कमी होऊ दिले गेले, याचा लोह थांबवण्याच्या तर्काशी संबंध नाही. तिथे पाठपुरावा कमी पडला.

धाकटी बहीण पाच वर्षांची आहे. तिच्यात हा बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला अद्याप काही त्रास नाही. लक्षणे नसताना लहान मुलीची जनुकतपासणी करावी की आधी फक्त दोन्ही रूपांचे प्रोटोपॉर्फिरिन आणि फेरिटिन मोजावे, हा प्रश्न आई-वडिलांसमोर ठेवला आहे. त्यांनी सध्या दुसरी वाट निवडली आहे. पहिला नमुना फॉइलमध्ये गुंडाळून येऊन गेला: प्रोटोपॉर्फिरिन मर्यादेच्या किंचित वर, मोकळ्याचा वाटा ठरवण्याइतके प्रमाण नाही, फेरिटिन ठीक. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले आहे.